चिकानो-लॅटिनो अभ्यास : परदेशी विद्यार्थ्याने हा विषय घ्यावा का?

द्राक्षकन्या

नमस्कार. मी मूळची निफाड तालुक्यातली असून सध्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या दक्षिण कॅलिफोर्नियातील एका कॅम्पसवर संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. २०२० साली झालेल्या कायद्यानुसार या विद्यापीठाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, मग तो अभियांत्रिकीचा असो वा नर्सिंगचा, वांशिक अभ्यासाचा किमान एक विषय पूर्ण करावा लागतो. अमेरिकेचे मूलनिवासी, कृष्णवर्णीय, आशियाई अमेरिकन आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकन वंशाचे) अशा चार शाखांपैकी मी चौथी निवडली; तिलाच चिकानो-लॅटिनो अभ्यास म्हणतात, चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. त्यामागे कसलीही वैचारिक ओढ नव्हती. तो तास माझ्या वेळापत्रकात बसत होता एवढेच.

आता सत्र संपत आले आहे आणि हाच विषय दुसरा मुख्य विषय म्हणून घ्यावा असे मनाने घेतले आहे. कारण थोडक्यात सांगते. कॅलिफोर्नियातल्या डेलानो येथील द्राक्षमळ्यांच्या संपावर आम्हाला दोन आठवडे शिकवले गेले. ८ सप्टेंबर १९६५ रोजी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम थांबवले, १६ सप्टेंबरला मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली आणि पुढे देशभर द्राक्षांवर बहिष्कार घालण्यात आला, तेव्हा कुठे १९७० मध्ये बागायतदारांनी करार केले. चर्चेच्या तासाला प्राध्यापिकांनी प्रत्येकाला आपल्या घरातल्या कामाविषयी बोलायला सांगितले. बहुतेकांच्या आजोबांनी फळे तोडली होती, कोणाची आई पॅकिंग शेडमध्ये होती. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितले की आमच्या घरची द्राक्षबाग आहे आणि छाटणीला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. कोणी काही बोलले नाही. प्राध्यापिकांनी मात्र अगदी साधेपणाने विचारले की मजुरी रोजावर ठरते की उक्ती, ती कोण ठरवतो आणि टोळीच्या प्रमुखाला त्यातले किती मिळते. एवढी वर्षे त्या बागेत वाढूनही यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. रात्री वडिलांना फोन करून विचारावे लागले.

वडिलांनी उत्तरे दिली, पण दुसरा मुख्य विषय घेण्याचा विचार ऐकल्यावर त्यांचा प्रश्न असा होता : ‘तिथल्या लोकांचा इतिहास शिकून तू तो त्यांनाच सांगणार का?’ हा प्रश्न मलाही सोडत नाही. जाणकारांनी कृपया तीन गोष्टींवर लिहावे. लॅटिनो नसलेल्या, त्यातही परदेशी व्हिसावर असलेल्या मुलीने हा विषय घेणे कितपत उचित आहे? पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे झाल्यास पैशांचे काय? आणि व्हिसाच्या दृष्टीने यात कोणते खाचखळगे आहेत?

---

कोयनाकाठ

मी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर इतिहासात पीएच.डी. करतो, माझा विषय मेक्सिकन-अमेरिकन स्थलांतराशी निगडित आहे. वडिलांच्या प्रश्नाकडे येण्यापूर्वी या विषयाचा जन्म कसा झाला हे सांगणे भाग आहे, कारण त्यातच बरेचसे उत्तर दडलेले आहे.

लॅटिन अमेरिकन अभ्यास आणि चिकानो-लॅटिनो अभ्यास हे आपल्याकडे एकच समजले जातात. वस्तुतः त्यांची कुळे वेगळी आहेत. पहिला बऱ्याच अंशी शीतयुद्धाच्या गरजेतून फोफावला. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिकनंतर १९५८ साली अमेरिकेने राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला आणि परक्या प्रदेशांचा, त्यांच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्या केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. दुसरा मात्र शाळकरी मुलांच्या बंडातून आला. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या लिंकन, गारफील्ड, रूझवेल्ट आदी शाळांतील हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर उतरली. स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये, अभ्यासक्रमात आपला इतिहास असावा, शिक्षकांत आपली माणसे असावीत, आपल्याला सरसकट हातकामाच्या वर्गांत ढकलू नये, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले शिक्षक साल कॅस्ट्रो यांना अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई आणि मूलनिवासी विद्यार्थ्यांचा संयुक्त संप सुरू झाला आणि तो मार्च १९६९ पर्यंत चालला. एप्रिल १९६९ मध्ये सांता बार्बरा येथे विद्यार्थी व प्राध्यापक एकत्र जमले आणि उच्च शिक्षणात चिकानो समाजाचे स्थान काय असावे याचा आराखडा त्यांनी लिहून काढला. नॉर्थरिज येथील कॉलेजात रोडोल्फो अकुन्या यांनी चिकानो अभ्यासाचा विभाग उभारला तो याच वर्षी. यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर, संशोधन केंद्र १९६९ पासून होते, पण स्वतंत्र शिक्षणकेंद्रासाठी १९९३ साली विद्यार्थ्यांना व एका प्राध्यापकाला चौदा दिवस उपोषण करावे लागले आणि पूर्ण विभागाचा दर्जा २००५ साली मिळाला.

एवढे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, ज्या विषयाची प्रत्येक खुर्ची भांडून मिळवलेली आहे तिथे बाहेरून येणाऱ्या माणसाला ‘तू इथे का आलास’ असे विचारले जाणारच, आणि त्यात अपमान वाटण्यासारखे काही नाही. तो प्रश्न मला पहिल्या वर्षी अनेकदा विचारला गेला. ‘मला तुमची संस्कृती फार आवडते’ हे त्याचे सर्वांत निरुपयोगी उत्तर आहे, कारण आवड तर पर्यटकालाही असते. द्राक्षकन्या, तुम्ही वर्गात दिलेली माहिती, म्हणजे आपण बागायतदाराच्या घरच्या आहोत हे उघडपणे सांगणे, हे त्या प्रश्नाचे पुष्कळ बरे उत्तर आहे. त्यातून पुढच्या संशोधनाचा प्रश्न निघतो. आवडीतून निघत नाही.

वडिलांना सांगा की तिथल्या लोकांना त्यांचा इतिहास सांगायला कोणी बोलावत नाही, ते काम ते स्वतः उत्तम करतात. मजूर, सीमा, भाषा आणि नागरिकत्व यांकडे पाहण्याची जी पद्धत त्यांनी पन्नासहून अधिक वर्षे घडवली, ती शिकायला तुम्ही जात आहात.

आता पैशांचे. पदवीच्या पातळीवर परदेशी विद्यार्थ्याला सरकारी मदत जवळजवळ नाहीच. पीएच.डी.ला शिकवण्याच्या कामातून शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते, पण कॅलिफोर्निया विद्यापीठात एक अडचण आहे जिची चर्चा फारशी होत नाही. दुसऱ्या राज्यातून आलेला अमेरिकन विद्यार्थी साधारण वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरतो आणि त्याचे अनिवासी शुल्क, म्हणजे राज्याबाहेरच्यांना पडणारे जादा शुल्क, संपते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरचा परदेशी विद्यार्थी कधीच रहिवासी ठरत नाही. त्यामुळे प्रबंधाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंतचे त्याचे अनिवासी शुल्क विभागाला कुठून तरी भरावे लागते. त्यानंतर जास्तीत जास्त तीन वर्षे ते माफ असते. मोठ्या विज्ञान विभागांना हा भार पेलतो, पण चिकानो अभ्यासाच्या लहान विभागाला एका परदेशी विद्यार्थ्याची निवड म्हणजे खर्चाच्या दृष्टीने मोठा निर्णय असतो. नकार आला तर तो गुणवत्तेवरच आला असे समजू नये. अर्ज करण्यापूर्वी विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकांना ‘परदेशी विद्यार्थ्यांचे अनिवासी शुल्क तुम्ही किती वर्षे भरता’ असे स्पष्ट विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा मानला जात नाही.

---

फ्रीमाँटकर

मी या देशात बरीच वर्षे काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये. संगणकशास्त्राची पदवी हातात असताना हा विषय जोडणे ही हौस म्हणून ठीक आहे. पण निफाडच्या शेतकऱ्याने द्राक्षाच्या भावाची दरवर्षीची अनिश्चितता सोसून, कदाचित कर्ज काढून, डॉलरमध्ये शुल्क भरायचे आणि मुलीने ज्यातून नोकरी मिळणार नाही असा विषय घ्यायचा, यात वडिलांची चिंता मला अगदी रास्त वाटते. इथे जन्मलेल्या लॅटिनो मुलाला ही पदवी उपयोगी पडते, कारण तो शिक्षक होईल, समाजसेवेत जाईल, वकिली शिकेल, नगरपालिकेत निवडून येईल. त्याला व्हिसाचे घड्याळ नाही. तुम्हाला आहे. एकाच वर्गात बसलेल्या दोघांसाठी त्याच पदवीची किंमत सारखी नसते, हे ध्यानात घ्यावे.

---

शिरीषफूल

मी एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात काम करते. कोणत्या विद्यापीठात ते लिहीत नाही, आणि इथे लिहिलेले हा कायदेशीर सल्ला समजू नये; तुमच्या कॅम्पसवरील सल्लागाराशी बोलूनच पाऊल टाकावे. फ्रीमाँटकर यांनी घड्याळाचा उल्लेख केला आहे, म्हणून ते घड्याळ नेमके कसे चालते ते सांगते.

पदवीनंतर सर्वांना बारा महिन्यांचे ओपीटी, म्हणजे आपल्या विषयाशी संबंधित नोकरी करण्याची परवानगी, मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या यादीत असलेल्या पदवीला आणखी चोवीस महिने मिळतात. चिकानो अभ्यासाचा वर्गीकरण क्रमांक ०५.०२०३ असा असून तो त्या यादीत नाही. म्हणजे संगणकशास्त्र सोडून केवळ हाच विषय घेतल्यास बारा महिन्यांवर थांबावे लागेल, आणि त्या काळात एकूण नव्वद दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. दोन मुख्य विषय घेतले आणि दोन्ही आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर, नोंदवलेले असले, तर संगणकशास्त्राच्या आधारे वाढीव चोवीस महिने मागता येतात; मात्र त्या वाढीव काळातील नोकरी संगणकशास्त्राशीच थेट संबंधित असावी लागते. संगणकशास्त्र मुख्य विषय ठेवून चिकानो अभ्यास केवळ गौण विषय म्हणून घेतला तरी हा हक्क अबाधित राहतो. याच्या उलट केले, म्हणजे संगणकशास्त्र गौण केले, तर मात्र तो जातो. अशा रीतीने हक्क गमावलेले विद्यार्थी दरवर्षी माझ्या टेबलासमोर बसतात आणि तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते.

दुसरा मुद्दा याच विषयापुरता आहे. चिकानो अभ्यासाच्या अनेक विभागांत वस्तीतील एखाद्या संस्थेत काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो : स्थलांतरितांचे कायदा केंद्र, भाडेकरूंची संघटना, शेतमजुरांचा दवाखाना असे काहीतरी. वर्गातील इतर मुले सोमवारी अर्ज भरतात आणि बुधवारी कामाला लागतात. एफ-१ वरील विद्यार्थ्याने कॅम्पसबाहेरचे असे काम करण्यापूर्वी त्याला सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करण्याची, मंजुरी लागते का हे तपासून घ्यावे लागते. ती साधारणतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते आणि आय-२० वर तिची नोंद होण्याआधी एक तासही काम करता येत नाही. ‘मी पैसे घेत नाही, मग काय हरकत’ हा युक्तिवाद चालत नाही, कारण जे काम एरवी पगारी माणूस करतो ते तुम्ही फुकट केले तरी ते काम नोकरीत मोडू शकते. अन्नछत्रात वाढायला जाणे निराळे आणि कायदा केंद्रात आशिलांच्या मुलाखती घेणे निराळे. प्राध्यापकांना हे नियम बहुधा ठाऊक नसतात. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना त्यांची गरजच पडत नाही. तेव्हा सत्र सुरू होण्याच्या बरेच आधी तुम्हीच त्यांना सांगावे.

---

क्वीन्सवासी

आतापर्यंतची चर्चा सगळी कॅलिफोर्नियाची झाली, त्यामुळे पूर्व किनाऱ्याची बाजू थोडक्यात मांडतो. न्यूयॉर्कमध्ये हा विषय पोर्तो रिकोपासून सुरू होतो. १८९८ साली अमेरिकेने स्पेनकडून ते बेट घेतले आणि १९१७ साली तिथल्या लोकांना नागरिकत्व दिले, तरी बेटावर राहणाऱ्याला आजही राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. ही स्थिती चिकानो चौकटीत बसत नाही. मेक्सिकन-अमेरिकन कथा १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहापासून सांगितली जाते, ज्यात मेक्सिकोचा निम्म्याहून अधिक प्रदेश गेला आणि तिथली माणसे जागची न हलता दुसऱ्या देशात आली. पोर्तो रिकोचे लोक मात्र नागरिक म्हणून विमानाने आले आणि तरीही परके ठरले. हंटर कॉलेजमधील पोर्तो रिकन अभ्यास केंद्र १९७३ पासून याच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह सांभाळत आहे. पुढे डॉमिनिकन, कोलंबियन, एक्वादोरियन आले. मी राहतो त्या जॅक्सन हाइट्समध्ये गुजराती किराणा दुकान आणि कोलंबियन बेकरी भिंतीला भिंत लावून आहेत. म्हणून विभाग निवडताना त्याच्या नावात कोणाचा समावेश आहे हे अवश्य पाहावे. यूसीएलएने आपल्या नावात मध्य अमेरिकेचा समावेश केला तो उगाच नव्हे. लॉस एंजेलिसमध्ये एल साल्वादोर आणि ग्वातेमालाची माणसे काही थोडीथोडकी नाहीत.

न्यूयॉर्क सिटी युनिव्हर्सिटीची कॉलेजे खासगी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहेत, हेही जाता जाता नोंदवतो.

---

माजलगावकर

मी बीड जिल्ह्यातला असून समाजशास्त्र शिकवतो. अमेरिकेत कधी शिकलो नाही, पण ऊसतोड मजुरांवर काम करताना चिकानो इतिहासकारांचे लेखन मला जितके उपयोगी पडले तितके भारतातील पुष्कळ लेखन पडले नाही. फ्रीमाँटकर यांनी नोकरीच्या अंगाने लिहिले ते खरेच आहे. मी दुसऱ्या अंगाने लिहितो.

ब्रासेरो योजना घ्या. महायुद्धात शेतीला माणसे कमी पडू लागली म्हणून ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिका व मेक्सिको यांच्यात करार झाला आणि १९६४ पर्यंत सुमारे ४६ लाख करारांवर मेक्सिकन पुरुष हंगामी मजुरीला आणले गेले. कागदावर सर्व काही होते : किमान मजुरी, निवारा, परतीचे भाडे. प्रत्यक्षात सीमेवरच्या केंद्रांत त्यांना विवस्त्र करून अंगावर डीडीटी फवारले जाई. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के कापून ते बचत म्हणून मेक्सिकोच्या बँकांकडे पाठवले गेले, आणि ते पैसे असंख्य मजुरांना कधीच मिळाले नाहीत; त्यासाठी म्हातारे झालेले ब्रासेरो या शतकातही भांडत होते. शेतात त्यांच्या हाती असायची ती आखूड दांड्याची कुदळ, जिला ते ‘एल कोर्तितो’ म्हणत. तिने काम करायचे तर दिवसभर कमरेत वाकून राहावे लागे, आणि मुकादमाला ती पसंत असे, कारण पाठ सरळ केलेला मजूर लांबूनच दिसे. १९७५ साली कॅलिफोर्नियाने तिच्यावर बंदी आणली.

हे वाचताना मला आमच्याकडचा कोयता दिसतो. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात; उचल त्या जोडीला मिळते, हिशेब मुकादम ठेवतो, आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही. कारखाना म्हणतो मजूर माझे नाहीत, मुकादमाचे आहेत. कॅलिफोर्नियातील बागायतदार ‘कोन्त्रातिस्ता’, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, मध्ये घालून हेच म्हणत आला. मालक कोण हे मजुराला कायद्याने सिद्ध करता येऊ नये अशी ही रचना आहे, आणि ती दोन खंडांत कोणी कोणाचे न पाहता उभी राहिली. द्राक्षकन्येला प्राध्यापिकांनी विचारलेला ‘टोळीच्या प्रमुखाला किती मिळते’ हा प्रश्न म्हणून मला फार मोलाचा वाटला.

पण एक सावधगिरी. हे साम्य दिसले की ‘म्हणजे सगळीकडे सारखेच’ असे म्हणण्याचा मोह होतो आणि तिथेच अभ्यास संपतो. ब्रासेरोला सीमेपलीकडे घालवून देता येत असे. आमच्या मजुराला घालवायला सीमा नाही, पण त्याच्यामागे जात आहे. पेठ-सुरगाण्याचा मजूर हा आदिवासी आहे, केवळ गरीब नाही. चिकानो अभ्यासाच्या शब्दांत जातीला थेट जागा नाही. ती तुम्हाला करावी लागेल. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा उल्लेख केला आणि त्यासाठी विद्यार्थ्यांनी बराच लढा दिला होता. तुमच्याच विद्यापीठातली ही गोष्ट आहे, तेव्हा त्या चर्चेची कागदपत्रे अवश्य पाहावीत.

ब्रासेरोंच्या तोंडी मुलाखतींचा मोठा संग्रह ब्रासेरो हिस्टरी आर्काइव्ह या नावाने जालावर विनामूल्य उपलब्ध आहे. स्पॅनिश जेमतेम येत असली तरी दोन-चार मुलाखती ऐकाव्यात. आमच्या एम.ए.च्या मुलांना मी त्या ऐकवल्या आहेत. भाषा कळली नाही तरी, माणूस मजुरीचा आकडा सांगताना कुठे थांबतो हे कळते.

---

वर्धेकर

मेक्सिकोचा विषय निघाला आहे आणि अजून कोणी पांडुरंग खानखोजे यांचे नाव घेतले नाही, याचे नवल वाटले. वर्ध्याचा हा माणूस गदर चळवळीत होता, अमेरिकेच्या वायव्येकडील राज्यांत शेतीशास्त्र शिकला आणि अखेर १९२४ च्या सुमारास मेक्सिकोत जाऊन चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागला. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जी चित्रे रंगवली, त्यांतल्या एकात खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले.

---

कोयनाकाठ

वर्धेकर, आठवण करून दिल्याबद्दल आभार. मात्र खानखोजे मेक्सिकोच्या इतिहासात मोडतात. चिकानो अभ्यासाशी भारताचा थेट सांधा जुळतो तो पंजाब्यांमुळे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत इंपीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना भारतातून बायका आणता येत नव्हत्या आणि गोऱ्या स्त्रियांशी लग्न करण्यास कॅलिफोर्नियाचा कायदा आड येई. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली; परवाना देणाऱ्या कारकुनाला दोघांचा रंग सारखा दिसला की तो शिक्का मारी. १९१३ च्या कायद्याने त्यांना जमिनीची मालकी नाकारली होती, तेव्हा जमीन कोणाच्या नावावर ठेवायची हाही या संसारांतला एक प्रश्न असे. हा आंतरवंशीय विवाहबंदीचा कायदा कॅलिफोर्नियात १९४८ साली पडला तो आंद्रेआ पेरेझ या मेक्सिकन-अमेरिकन स्त्रीच्या खटल्यामुळे : कायद्याच्या लेखी ती गोरी होती आणि तिला कृष्णवर्णीय पुरुषाशी लग्न करायचे होते. इंपीरियल व्हॅलीत शेती केलेले दलीपसिंग सौंद १९५६ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहात निवडून गेले.

परंतु द्राक्षकन्या, एक विनंती. केवळ भारतीय आहात म्हणून हाच विषय प्रबंधाला घ्यावा असा आग्रह तुम्हाला होईल. प्राध्यापकही करतील, प्रेमानेच करतील. तुमचा प्रश्न मजुरीचा आणि कंत्राटदारांचा असेल तर तोच धरून ठेवावा.

---

द्राक्षकन्या

सर्वांचे मनापासून आभार. शिरीषफूल ताई, गौण विषय आणि मुख्य विषय यांतला फरक मला ठाऊकच नव्हता. दोन छोटे प्रश्न उरतात. माझी स्पॅनिश अगदी प्राथमिक आहे; विभागात बहुतेक मुले घरी स्पॅनिश ऐकत वाढलेली आहेत, मग मी मागे पडणार नाही का? आणि पुढच्या सत्रात सॅन दिएगो व सीमेपलीकडच्या, मेक्सिकोतील तिहुआना येथे अभ्याससहल आहे. सीमा ओलांडणे माझ्यासाठी सुरक्षित आहे का?

---

कोयनाकाठ

पदवीसाठी बहुतेक ठिकाणी वाचन इंग्रजीतच असते. बऱ्याच विद्यापीठांत स्पॅनिशचे दोन वेगळे प्रवाह असतात : घरी ऐकलेल्यांसाठी एक आणि परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी दुसरा. तुम्ही दुसऱ्यात जावे. आणि असे समजू नका की वर्गातील सर्वांना स्पॅनिश येते. ज्यांच्या आजी-आजोबांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार पडला, त्यांनी ती पुढे मुलांना शिकवलीच नाही, अशी घरे पुष्कळ आहेत. तुम्ही शिकून बोलू लागलात आणि शेजारी बसलेल्या गार्सियाला ती येत नसली, तर तिथे थोडे जपून असावे. ती येत नाही याचे त्याला आधीच खूप ऐकावे लागलेले असते.

पीएच.डी.साठी मात्र स्पॅनिश पक्की हवी. सुट्टीत भारतात आलात तर पुण्या-मुंबईत वर्ग आहेत, आणि दिल्लीच्या इन्स्टिट्यूटो सर्व्हान्तेसची डेले ही स्पॅनिशची परीक्षा दिली तर अर्जात दाखवायला प्रमाणपत्र होते.

सहलीत सॅन दिएगोचे चिकानो पार्क पाहायला मिळेल. कोरोनाडो पुलाचे खांब ज्या वस्तीच्या उरावर रोवले गेले, त्या वस्तीला तिथे बाग देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात महामार्ग पोलिसांचे ठाणे उभे राहू लागले, तेव्हा २२ एप्रिल १९७० रोजी लोकांनी बुलडोझरसमोर उभे राहून जागा ताब्यात घेतली. आज त्याच खांबांवर भित्तिचित्रे आहेत. खांबांची एकेक बाजू शांतपणे पाहावी, घाई करू नये.

---

शिरीषफूल

तिहुआनाविषयी. तुमच्या पासपोर्टवरील अमेरिकी व्हिसा चालू असेल तर भारतीय नागरिकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. आय-२० वरची प्रवासाची सही एक वर्षाच्या आतली असावी. व्हिसाची मुदत संपलेली असली तरी तीस दिवसांच्या आत मेक्सिकोहून परतण्याची एक सवलत एफ-१ धारकांना आहे, पण मग मेक्सिकोचा व्हिसा आधी काढावा लागतो, आणि नव्या व्हिसासाठी तिथे अर्ज केला असल्यास ही सवलत मिळत नाही.

सध्याचे वातावरणही लक्षात घ्यावे लागेल. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस (त्यांची माहिती ठेवणारी सरकारी संगणक प्रणाली) नोंदी अचानक बंद केल्या गेल्या आणि न्यायालयांत दावे झाल्यावर त्या पूर्ववत करण्यात आल्या. त्याच वर्षी जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले जात आहे. चिकानो अभ्यास शिकणे हा गुन्हा नाही, आणि विषय पाहून व्हिसा नाकारला असे मी पाहिलेले नाही. मात्र या विभागांत मोर्चे, निदर्शने हा जगण्याचा भाग असतो. सोबतचा विद्यार्थी पकडला गेला तर संध्याकाळी घरी येतो. तुमच्यासाठी साध्या अटकेची नोंदही व्हिसा रद्द होण्यास पुरेशी ठरू शकते. वर्गमित्रांना हे एकदा नीट सांगून ठेवावे, म्हणजे तुम्ही मोर्चाला न जाण्याचा अर्थ ते चुकीचा लावणार नाहीत. मुलाखतींच्या प्रती काढणे, ध्वनिफिती उतरवून घेणे, संग्रहाची सूची करणे ही कामेही विभागाला हवीच असतात.

---

फ्रीमाँटकर

दोन्ही विषय मुख्य ठेवून चोवीस महिने वाचत असतील तर माझा आक्षेप बराचसा मावळतो. एकच सुचवतो : दुसऱ्या विषयामुळे पदवीला एखादे सत्र जास्त लागणार असेल, तर त्या सत्राचे अनिवासी शुल्क, घरभाडे आणि विमा असा पूर्ण हिशेब मांडून तो वडिलांसमोर ठेवा. शेतकरी माणूस आकड्याला घाबरत नाही, मोघमपणाला घाबरतो.

---

द्राक्षकन्या

हिशेब मांडला. दोन उन्हाळ्यांत विषय घेतले तर जादा सत्र लागत नाही. उन्हाळी शुल्क वेगळे पडते, तेवढे मी ग्रंथालयातल्या कामातून उभे करू शकेन, कारण कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांची मुभा आहे. वडिलांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. त्यांनी विचारले की त्या संपानंतर डेलानोच्या बागायतदारांचे पुढे काय झाले, बागा टिकल्या का. हे मला अजून नीट वाचायचे आहे.

---

माजलगावकर

हा प्रश्न उत्तम आहे, आणि त्यावर चिकानो अभ्यासात मजुरांच्या मानाने कमी लिहिले गेले आहे. सुरुवात करताना १९७५ चा कॅलिफोर्नियाचा कृषी कामगार संबंध कायदा पाहावा. १९३५ च्या केंद्रीय कामगार कायद्यातून शेतमजुरांना वगळले होते, ते या राज्यापुरते चाळीस वर्षांनी भरून काढले गेले. त्यावर बागायतदारांनी जी भूमिका घेतली ती त्या काळच्या वृत्तपत्रांत आहे आणि ती वृत्तपत्रे तुमच्या ग्रंथालयात सूक्ष्मपटावर मिळतील.

---

शिरीषफूल

वाचन सुरू ठेवा, पण त्याआधी एक काम उरका. दुसरा मुख्य विषय विभागाने मंजूर केला की तो आपोआप आय-२० वर येत नाही. विभागाचे मंजुरीपत्र घेऊन आंतरराष्ट्रीय कार्यालयात स्वतः जावे, नवीन आय-२० मागून घ्यावी आणि दोन्ही विषयांचे वर्गीकरण क्रमांक त्यावर बरोबर छापले आहेत का हे तिथेच उभे राहून तपासावे.